दोष अनेक, निर्णय एक : संगणकीय छाननीतील गांभीर्याचा विचार

बालाघाटच्या डोंगररांगांचा शेजार लाभलेल्या आष्टी गावी २३ सप्टेंबर २०२२ रोजी अहिल्यानगरपर्यंतची पहिली प्रवासी रेल्वेगाडी सुरू झाली. तिची वाट तालुक्याने कित्येक वर्षे पाहिली होती. संगणक मात्र तिच्या पुष्कळ आधी येथे पोहोचला होता. सातबाराचा उतारा, कर्जमाफीचा अर्ज, पीक विम्याचा प्रस्ताव, किसान सन्मान निधीची नोंदणी ही सारी कामे आता त्याच्या पडद्यावरून होतात. पावसावर विसंबून ज्वारी, बाजरी, तूर पिकविणाऱ्या या भागातील शेतकऱ्याला शासनाचा हप्ता मिळणार की नाही, हे पुष्कळदा त्या पडद्यावर उमटणाऱ्या दोन शब्दांवर ठरते : 'अर्ज मान्य' अथवा 'अर्ज अमान्य'.

हे दोन शब्द उमटण्यापूर्वी संगणक दहा-पंधरा निरनिराळ्या तपासण्या करतो. त्यांतून काही उणिवा निघतात. काही क्षुल्लक असतात, काही संशयास्पद, तर काही खरोखरच अर्ज थांबविण्याजोग्या. या सर्वांची मोट बांधून अखेरीस एकच निर्णय कसा करावयाचा, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. तथापि त्याचे मूळ न्यायबुद्धीत आहे. काना-मात्रेच्या चुकीपायी हक्काचा लाभ नाकारला गेला तर अन्याय होतो, आणि गंभीर दोषाकडे दुर्लक्ष झाले तर एकाचा पैसा दुसऱ्याच्या खात्यात जातो. म्हणूनच संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्यांइतकाच अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनीही या विषयाचा अभ्यास करणे अगत्याचे आहे.

छाननी तीन प्रकारची

पहिला प्रकार रचनेच्या छाननीचा. आधार क्रमांक बारा अंकी असतो व त्यातील शेवटचा अंक हा पडताळणीचा अंक असतो. व्हेरहॉफ या डच गणितज्ञाने १९६९ साली मांडलेल्या पद्धतीने तो काढला जातो. लिहिताना एखादा अंक चुकला अथवा शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली, तर संगणकाला ते तत्काळ कळते. त्याचप्रमाणे बँक शाखेचा आयएफएससी संकेतांक अकरा स्थानांचा असतो : आरंभी चार अक्षरे, पाचव्या स्थानी शून्य, त्यानंतर शाखेची सहा स्थाने. दहाच स्थाने भरली असतील, तर संकेतांक चुकीचा आहे हे सांगण्यास बँकेला विचारण्याची गरज नाही.

दुसरा प्रकार आंतरिक सुसंगतीचा. गटाचे एकूण क्षेत्र आणि त्यातील खातेदारांच्या हिश्शांची बेरीज जुळली पाहिजे. तिसरा प्रकार परस्पर दप्तरे जुळविण्याचा : सातबारावरील नाव, आधारवरील नाव आणि बँकेच्या खात्यावरील नाव एकाच व्यक्तीचे आहे काय, हे पाहणे.

या प्रकारांतून निघणाऱ्या उणिवांचे वजन सारखे नसते. आधार क्रमांकाचा पडताळणीचा अंक चुकला असेल, तर तो क्रमांक निश्चितपणे चुकीचा होय. परंतु तो अंक जुळला म्हणून क्रमांक त्याच अर्जदाराचा आहे, असे सिद्ध होत नाही. उलटपक्षी, नावात फरक दिसला म्हणून व्यक्ती वेगळी आहे, असेही ठरत नाही. मराठवाड्यात तर हे विशेष ध्यानात ठेवावयास हवे. बीड जिल्हा पूर्वी हैदराबाद संस्थानात होता. त्या राजवटीत उर्दू ही कारभाराची भाषा होती. १९५६ साली जिल्हा मुंबई राज्यात आला आणि दप्तर मराठीत स्थिरावले. नावे एका लिपीतून दुसऱ्या लिपीत, हस्ताक्षरातून संगणकात आणि मराठीतून इंग्रजीत जाताना बदलत गेली, तर त्यात नवल नाही.

गांभीर्याच्या पायऱ्या

यास्तव प्रत्येक तपासणीचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' एवढ्यावर न थांबता त्यास गांभीर्याची पायरी जोडली जाते. आपल्या अभ्यासासाठी आपण चार पायऱ्या धरू : निर्दोष, टीप, इशारा आणि दोष. टीप केवळ माहितीसाठी असते. तिच्यावर कार्यवाहीची गरज नसते. इशारा अर्ज थांबवीत नाही, परंतु जबाबदार माणसाने तो पाहून आपले मत नोंदविले पाहिजे, असे सांगतो. दोष मात्र दुरुस्त झाल्यावाचून अर्ज पुढे जाऊ शकत नाही.

ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने १९६४ साली सिस्टीम ३६० ही संगणक-मालिका जाहीर केली. तीवरील भाषांतरक आज्ञावली काम संपताना एक अंक परत देत असत : सर्व ठीक असल्यास ०, इशारा असल्यास ४, चूक असल्यास ८, गंभीर चूक असल्यास १२, आणि काम पुढे चालविणेच अशक्य झाल्यास १६. शंभर ओळींत वीस उणिवा निघाल्या, तरी परत येणारा अंक एकच असे; आणि तो त्या सर्वांतील सर्वांत मोठा असे. वेब तंत्रज्ञानाची मानके ठरविणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ साली माहितीच्या पडताळणीसाठी मान्य केलेल्या शॅकल या मानकातही माहिती, इशारा व उल्लंघन अशा तीन पायऱ्या आहेत.

कोणत्या उणिवेस कोणती पायरी द्यावयाची, हे ठरविताना दोन प्रश्न विचारावे. पहिला : नोंद अशी असूनही वस्तुस्थिती खरी असू शकेल काय? दुसरा : हे असेच पुढे गेले, तर होणारे नुकसान भरून येण्याजोगे आहे काय? एक उदाहरण घेऊ. जुन्या दप्तरातील २ एकर २० गुंठे, म्हणजे १०० गुंठे जमिनीचे दशमान पद्धतीत १०१.१७ आर होतात. पूर्णांकात १०१ आर. तिचे तिघा भावांत समान वाटप झाले. प्रत्येकाच्या वाट्यास ३३.७२ आर आले. पूर्णांकात ३४ आर. तिन्ही हिश्शांची बेरीज १०२ आर! येथे कोणीही लबाडी केलेली नाही, जमीनही वाढलेली नाही. फरक केवळ अपूर्णांक पूर्ण करण्याचा आहे. हा इशारा होय. परंतु बेरीज १४१ आर आली, तर तो दोष समजला पाहिजे. कारण पूर्णांकाच्या खेळाने ४० आर जमीन निर्माण होत नाही.

एकत्रीकरणाचे नियम

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अनेक तपासण्यांचे निष्कर्ष हाती आले. त्यांचे एकत्रीकरण कसे करावे?

पहिला नियम असा, की पहिल्या दोषापाशी थांबू नये. अनेक आज्ञावलींत एक चूक सापडताच अर्ज परत केला जातो. शेतकरी ती दुरुस्त करून येतो, तेव्हा दुसरी चूक सांगितली जाते. तीही दुरुस्त केली, की तिसरी. खेड्यातून तालुक्याच्या गावी येणाऱ्या माणसाच्या प्रत्येक फेरीस भाडे लागते आणि एका दिवसाची मजुरी बुडते. सर्व उणिवा एकदमच सांगणे संगणकाला कठीण नाही.

दुसरा नियम सर्वोच्च गांभीर्याचा. सर्वच तपासण्या आवश्यक असतील, तेव्हा एकत्रित निष्कर्षाची पायरी ही त्यांतील सर्वांत वरची पायरी असते. चौदा तपासण्या निर्दोष आणि एक दोषयुक्त, तर अर्ज दोषयुक्त. या नियमाचे गुण ध्यानात घेण्याजोगे आहेत. तपासण्यांचा क्रम बदलला, तरी उत्तर बदलत नाही. पाच तपासण्या गावी, दहा तालुक्यास झाल्या आणि मग निष्कर्ष एकत्र केले, तरी उत्तर तेच. एकच उणीव दोन ठिकाणी नोंदली गेली, तरी ती दुप्पट गंभीर होत नाही. जेथे कार्यालयागणिक उत्तर बदलत नाही, तेथेच समान न्यायाची अपेक्षा ठेवता येते.

तिसरा नियम : गांभीर्याची बेरीज करू नये. तीन इशाऱ्यांचा एक दोष होत नाही. गुणपत्रिकेतील गुणांप्रमाणे उणिवांचे आकडे मिळविले, तर निरुपद्रवी किरकोळ फरक असलेला अर्ज फेटाळला जाईल आणि एकच घातक चूक असलेला अर्ज निसटेल. मात्र काही इशारे एकत्र आल्याने खरोखरच संशय बळावतो. उदाहरणार्थ, नाव, वडिलांचे नाव आणि जन्मवर्ष ही तिन्ही जुळत नसतील, तर ती व्यक्तीच निराळी असण्याचा संभव मोठा. अशा वेळी आकड्यांच्या बेरजेवर न विसंबता 'ओळख पटत नाही' अशी स्वतंत्र तपासणी शब्दांत लिहून काढावी व तिला स्वतःची पायरी द्यावी. नियम लिहिलेला असला, की त्याचे कारण विचारता येते व त्यावर दाद मागता येते.

चौथा नियम : एकत्रित निष्कर्षाबरोबर मूळ उणिवाही जपल्या पाहिजेत. 'दोष' हा निर्णय झाला. परंतु कोणत्या रकान्यात, कोणत्या कारणाने, हे सोबत नसेल, तर अर्जदाराने काय दुरुस्त करावयाचे? तसेच एखाद्या दोषाच्या सावलीत इशारे झाकले जाता कामा नयेत. दोष दूर झाल्यावर ते पुन्हा पुढे येतातच.

पाचवा नियम : ज्याचा निर्णय करावयाचा, त्याच्याच मर्यादेत एकत्रीकरण थांबवावे. गावातील दोनशे अर्जांची यादी एकत्र पाठविली आणि तीत एक अर्ज सदोष निघाला, म्हणून सर्वोच्च गांभीर्याचा नियम यादीला लावून उरलेल्या एकशे नव्याण्णव जणांना थांबविणे सर्वथा अनुचित होय. निर्णय अर्जाचा आहे, यादीचा नव्हे.

'आणि' व 'किंवा'

वरील दुसरा नियम 'हेही हवे आणि तेही हवे' अशा अटींना लागू पडतो. किसान सन्मान निधीचे उदाहरण पाहा. ही योजना २४ फेब्रुवारी २०१९ रोजी सुरू झाली. तिच्यात वर्षाला सहा हजार रुपये तीन हप्त्यांत मिळतात. त्यासाठी जमिनीची नोंद जोडलेली असणे, ई-केवायसी पूर्ण असणे आणि बँक खाते आधारशी संलग्न असणे, या तिन्ही गोष्टी लागतात. त्यांतील एकही राहिली, तर हप्ता थांबतो. येथे सर्वोच्च गांभीर्य हेच उत्तर.

परंतु पुष्कळ ठिकाणी अट 'किंवा'ची असते. रहिवासाचा पुरावा म्हणून अमुक दाखला किंवा तमुक दाखला चालतो. अर्जदाराने दोन्ही जोडले आणि त्यांतील एकावर शिक्का अस्पष्ट असला, तर अर्ज सदोष मानावा काय? मुळीच नाही. येथे नियम उलट होतो : पर्यायांतील सर्वांत कमी गांभीर्य हेच एकत्रित गांभीर्य.

आपल्या निवडणूक कायद्याने हे दोन्ही विचार संगणकाचा प्रसार होण्याच्या कितीतरी आधी मान्य केले आहेत. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ३६ मध्ये नामनिर्देशनपत्रांच्या छाननीची तरतूद आहे. उमेदवाराच्या एका नामनिर्देशनपत्रात अनियमितता असली, तरी त्याचे दुसरे पत्र निर्दोष असल्यास त्याचे नामनिर्देशन फेटाळता येत नाही. हा 'किंवा'चा नियम झाला. तसेच महत्त्वाच्या स्वरूपाचा नसलेल्या दोषावरून पत्र फेटाळू नये, असेही तेथे स्पष्ट सांगितले आहे. हा इशारा व दोष यांतील भेद झाला. छाननीच्या टेबलाशी बसलेल्या कोणत्याही अनुभवी अधिकाऱ्यास हा भेद नवा वाटणार नाही. तो आज्ञावलीतही उतरला पाहिजे, एवढेच.

न तपासलेले म्हणजे निर्दोष नव्हे

आणखी एक स्थिती बहुधा दुर्लक्षित राहते. एक तपासणी दुसरीवर अवलंबून असते. शाखेचा संकेतांकच अपुरा असेल, तर खाते आधारशी संलग्न आहे की नाही, हे बँकेस विचारताच येत नाही. अशा वेळी ती तपासणी 'निर्दोष' धरली, तर धोका. 'दोष' धरली, तर अर्जदारावर नसलेला आरोप. तिची नोंद 'तपासणी बाकी' अशीच व्हावयास हवी. शिक्षकांना याचे उदाहरण सहज सुचेल : परीक्षेस गैरहजर राहिलेल्या विद्यार्थ्याच्या नावापुढे शून्य गुण मांडणे वेगळे आणि 'गैरहजर' असे लिहिणे वेगळे.

आता एका काल्पनिक अर्जावर हे सारे लावून पाहू. समजा, आष्टी तालुक्यातील एका खातेदाराचा अर्ज आला. आधार क्रमांक रचनेने शुद्ध : निर्दोष. दिलेला भ्रमणध्वनी क्रमांक आणखी एका अर्जातही आहे : टीप, कारण एका घरात एकच दूरध्वनी असणे स्वाभाविक आहे. सातबारावर 'ज्ञानोबा', आधारवर 'ज्ञानेश्वर' : इशारा. हिश्शांच्या बेरजेत एक आरचा फरक : इशारा. शाखेचा संकेतांक दहा स्थानांचा : दोष. खात्याची आधार संलग्नता : तपासणी बाकी. एकत्रित निष्कर्ष, 'दोष. एक तपासणी बाकी'. अर्जदाराने पासबुक आणले, संकेतांक दुरुस्त झाला, बाकी राहिलेली तपासणी होऊन निर्दोष ठरली. आता सर्वोच्च पायरी इशाऱ्याची राहिली. संबंधित अधिकाऱ्याने नावाची खातरजमा केली, क्षेत्रातील फरकाचे कारण नोंदविले आणि अर्ज पुढे गेला. अर्जदाराची फेरी एकच झाली. पायऱ्या नसलेल्या आज्ञावलीने याच अर्जावर 'अमान्य' असा शेरा मारला असता आणि संकेतांक दुरुस्त झाल्यावरही नावावरून तो पुन्हा थांबविला असता.

कर्जमाफीच्या दोन योजना

महाराष्ट्राने याचा अनुभव मोठ्या प्रमाणावर घेतला आहे. जून २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली. थकबाकीदार शेतकऱ्यांना दीड लाख रुपयांपर्यंत कर्जमाफी देणाऱ्या या योजनेत अर्ज ऑनलाइन भरावयाचे होते, आणि शेतकऱ्याने भरलेली माहिती बँकांनी दिलेल्या माहितीशी जुळवून पाहावयाची होती. जी प्रकरणे जुळली, ती 'हिरव्या यादी'त आली. ज्यांत तफावत निघाली, ती तालुकास्तरीय समित्यांकडे तपासणीसाठी गेली. दोन स्वतंत्र दप्तरे प्रथमच इतक्या मोठ्या संख्येने समोरासमोर आल्यावर तफावती निघणे अटळ होते. परंतु तफावत म्हणजे अपात्रता नव्हे, हे या समित्यांच्या योजनेतच गृहीत होते. यंत्राने इशारा द्यावा, निर्णय माणसाने करावा, हा तो विचार.

डिसेंबर २०१९ मधील महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत पद्धत बदलली. शेतकऱ्याकडून अर्ज मागविले गेले नाहीत. बँकांच्या माहितीवरून याद्या तयार झाल्या, त्या गावात लागल्या, आणि शेतकऱ्याने आधार प्रमाणीकरण करून रक्कम मान्य आहे की नाही, एवढेच सांगावयाचे होते. मान्य नसल्यास तक्रार जिल्हास्तरीय समितीकडे जाई. जुळवावयाची दप्तरे कमी केली, की निघणाऱ्या उणिवाही कमी होतात, हा यातील बोध. उणिवांचे वर्गीकरण हा उपाय खराच. परंतु अनावश्यक तपासणी मुळातच न करणे हा त्याहून सोपा उपाय होय.

दुरुस्तीचा मार्ग

पायरी ठरविल्यावर पुढचा प्रश्न उरतो : दुरुस्ती कोणी करावयाची? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ अन्वये अधिकार अभिलेखातील लेखनप्रमाद आणि हितसंबंधितांनी मान्य केलेल्या चुका दुरुस्त करता येतात. ज्या चुकीबाबत वाद आहे, तिचा मार्ग निराळा. म्हणजे कायद्यानेही चुकांच्या प्रती केल्या आहेत आणि प्रत्येक प्रतीस तिचा मार्ग नेमून दिला आहे. २०१७ साली संगणकीकृत सातबारा अचूक करण्यासाठी गावोगाव चावडी वाचनाची मोहीम झाली. उतारे मोठ्याने वाचावयाचे आणि ज्याची जमीन त्यानेच चूक दाखवावयाची, ही त्यामागील साधी रीत. संगणकाला बेरीज कळते. परंतु 'ज्ञानोबा' आणि 'ज्ञानेश्वर' एकच आहेत, हे गावालाच ठाऊक असते.

पंचायत सदस्यांनी म्हणून तीन गोष्टींचा आग्रह धरावा. अर्ज परत आल्यास सर्व उणिवांची यादी एकदमच मिळावी. प्रत्येक उणिवेपुढे ती इशारा आहे की दोष, हे लिहिलेले असावे. आणि इशारा असल्यास तो पाहून निर्णय करणारा अधिकारी कोण, हे अर्जदारास कळावे. अधिकाऱ्यांनी नवी आज्ञावली स्वीकारताना याच तीन कसोट्या लावाव्यात. उणीव शोधणे हे यंत्राचे काम. तिचे वजन ठरविणे ही आपली जबाबदारी. ती जबाबदारी आज्ञावली लिहिली जात असतानाच पार पाडली, तर तालुक्याच्या खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाला तिची किंमत मोजावी लागणार नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. एका अर्जात पाच टिपा आणि दोन इशारे आहेत. सर्व तपासण्या आवश्यक असल्यास एकत्रित गांभीर्य कोणते? का?

२. वयाचा पुरावा म्हणून दोन दाखल्यांपैकी कोणताही एक चालतो. पहिल्यात दोष आहे, दुसऱ्यात इशारा आहे. एकत्रित पायरी कोणती?

३. आपल्या कार्यालयातील, शाळेतील अथवा ग्रामपंचायतीतील एखादा नमुना घ्या. त्यातील प्रत्येक रकान्याची चूक ही टीप, इशारा की दोष, हे ठरवा आणि त्याचे कारण एका वाक्यात लिहा.